स्पॅनिशमध्ये ‘मला जड जातंय’ म्हणायचं असेल तर इंग्रजीतून जाऊ नका

इंग्रजी बोलणारा माणूस स्पॅनिश शिकायला बसला की पहिल्या काही आठवड्यांतच त्याला ‘दिफीसिल’ हा शब्द भेटतो, म्हणजे अवघड. डिफिकल्टसारखाच आहे, पाठ करायला काही कष्ट नाहीत, आणि मग तो जिथंतिथं तोच वापरत सुटतो. लवकर उठणं अवघड, क्रियापदं अवघड, सासूशी बोलणं अवघड, सगळीकडे ‘एस दिफीसिल पारा मी’, म्हणजे ‘माझ्यासाठी अवघड आहे’. यात व्याकरणाची चूक काही नाही, समोरच्याला कळतंही, पण माद्रिदचा किंवा मेक्सिको सिटीचा माणूस रोजच्या बोलण्यात सहसा असं म्हणत नाही. तो म्हणतो ‘मे क्वेस्ता’, म्हणजे ‘मला जड जातं’.

आपल्याकडे स्पॅनिश शिकणारे बहुतेक जण इंग्रजीतून शिकतात, ॲप इंग्रजीतलं, पुस्तक इंग्रजीतलं, यूट्यूबवरचे धडेही इंग्रजीतलेच, त्यामुळे इंग्रजीवाले जिथं अडखळतात तिथंच आपणही अडखळतो. याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण अडचण सांगायची वाक्यं ही स्पॅनिशमधली अशी जागा आहे जिथं मराठी माणसाला जवळजवळ सगळं आधीच येत असतं, फक्त त्याला तसं कोणी सांगितलेलं नसतं.

नेमकं काय होतं ते बघू. इंग्रजीत अडचण सांगताना माणूस वाक्याचा कर्ता असतो. मी झगडतो, माझ्याकडे अडचण आहे, मला त्रास ‘आहे’ असं न म्हणता मी त्रास ‘बाळगतो’, असा सगळा थाट. स्पॅनिशमध्ये उलटं. जी गोष्ट जड जातेय ती कर्ता, आणि माणूस बाजूला, त्याला ते सोसावं लागतं. ‘मे क्वेस्ता लेवान्तार्मे तेम्प्रानो’. यात ‘मे’ म्हणजे ‘मला’, ‘क्वेस्ता’ म्हणजे ‘जड जातं’, ‘लेवान्तार्मे’ म्हणजे ‘उठायला’, आणि ‘तेम्प्रानो’ म्हणजे ‘लवकर’. मला लवकर उठायला जड जातं. शब्दाला शब्द लावून बघा, फक्त क्रम वेगळा आहे, बाकी घडण तीच. आपणसुद्धा ‘मी जड जातो’ असं कधी म्हणत नाही ना, ‘मला’च म्हणतो. मला आवडतं, मला वाटतं, मला जमतं, मला त्रास होतो, हे सगळं आपण दिवसभर बोलतो आणि या प्रत्येक वाक्यात माणसाला ‘ला’ लागलेला असतो.

इंग्रजीतही हे एकेकाळी होतं. जुन्या इंग्रजीत ‘मला वाटतं’ या अर्थी ‘मला’वालं वाक्यच चालायचं, त्याचं शेवटचं उरलेलं चिन्ह म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांत भेटणारं ‘मीथिंक्स’. पुढं ती पद्धत इंग्रजीतून गेली, त्यामुळे आजच्या इंग्रजीवाल्याला ‘मे क्वेस्ता’ अगदी परकं वाटतं, त्याला मास्तर सांगतात की ‘क्वेस्ता’ म्हणजे किंमत पडते, तेव्हा ‘इट कॉस्ट्स मी’ असं मनात धरा, आणि तो बिचारा प्रत्येक वेळी डोक्यात वाक्य उलटंसुलटं करत बसतो.

क्रियापद कुणाप्रमाणे बदलतं तेही आपल्यासारखंच. मला भूगोल जड जातो, मला गणितं जड जातात. ‘मला’ तेच, पण भूगोल एक म्हणून ‘जातो’ आणि गणितं अनेक म्हणून ‘जातात’. स्पॅनिशमध्ये ‘मे क्वेस्ता एल आलेमान’, मला जर्मन जड जातं, आणि ‘मे क्वेस्तान लोस बेर्बोस’, मला क्रियापदं जड जातात. तो शेवटचा ‘न’ क्रियापदं अनेक आहेत म्हणून आला, माणूस एकटाच आहे. इंग्रजीवाले इथं हमखास चुकतात, त्यांना वाटतं मी एक आहे म्हणजे ‘क्वेस्ता’च पाहिजे. आणि पुढं नाम नसून एखादी क्रिया असेल, वाचायला, लिहायला, झोपायला, तर मग कितीही क्रिया असोत, ‘क्वेस्ता’च. आपणही ‘लिहायला-वाचायला जड जातं’ असंच म्हणतो.

आता हे नुसतं शैलीचं प्रकरण नाही. अमेरिकेत घरी स्पॅनिश बोलणारे लोक चार कोटींहून जास्त आहेत, त्यामुळे तिथले कितीतरी डॉक्टर आणि नर्स कामापुरती स्पॅनिश शिकतात. पेशंटला विचारायचं पहिल्या काही प्रश्नांतलं एक म्हणजे ‘ले क्वेस्ता रेस्पिरार?’, श्वास घ्यायला त्रास होतो का? किंवा ‘ले क्वेस्ता त्रागार?’, गिळायला त्रास होतो का? पेशंट स्वतःहून सांगतो तेव्हाही बऱ्याचदा असंच, ‘मे क्वेस्ता रेस्पिरार’. ज्या माणसाला ‘क्वेस्ता’ म्हणजे फक्त बाजारातलं ‘क्वान्तो क्वेस्ता’, केवढ्याला, एवढंच माहिती आहे त्याच्या कानावर हे पडलं तर त्याला वाटणार की हा पैशाचं काहीतरी बोलतोय. ‘तेंगो दिफिकुल्ताद पारा रेस्पिरार’ हेही बरोबर आहे, फॉर्मवर, रिपोर्टात असंच लिहितात, पण दम लागलेला माणूस रिपोर्टाची भाषा बोलत नाही. त्या ‘ले’कडे पण लक्ष ठेवा, तो त्याला, तिला आणि आदरानं ‘तुम्हाला’ या तिन्हीसाठी चालतो, कुणाबद्दल चाललंय ते संदर्भावरून कळतं.

किंमत आणि कष्ट यांचं नातं तसं आपल्याला काही नवीन नाही. ‘कोस्तार’ हे मूळ क्रियापद, लॅटिनमधून आलेलं, इंग्रजीतलं कॉस्टही त्याच घराण्यातलं. स्पॅनिशमध्ये ‘ले कोस्तो कारो’ म्हणजे त्याला महागात पडलं, आणि आपणही पैशाचा संबंध नसताना ‘महागात पडलं’ म्हणतोच. ‘ले कोस्तो एल प्वेस्तो’, त्यापायी त्याची नोकरी गेली. ‘मे कोस्तो उन मून्दो’, अख्खं जग मोजावं लागलं, म्हणजे आपल्या भाषेत नाकी नऊ आले.

भूतकाळात तर मराठीवाल्याची फारच सोय आहे. इंग्रजीवाल्यांना स्पॅनिशचे दोन भूतकाळ वर्षानुवर्षं छळतात, कारण ‘इट वॉज हार्ड’ या एकाच वाक्याला स्पॅनिशमध्ये दोन वाटा फुटतात, ‘मे कोस्तो’ आणि ‘मे कोस्ताबा’. आपण मराठीत विचारू, जड गेलं की जड जायचं? घर शोधायला जड गेलं, म्हणजे एकदाच घडलेली गोष्ट, त्रास झाला पण शेवटी सापडलं असंच ऐकणारा समजतो, ते ‘मे कोस्तो एन्कोन्त्रार ला कासा’. आणि त्या दिवसांत मला झोप लागायला जड जायचं, रोजचंच चाललेलं होतं, ते ‘मे कोस्ताबा दोर्मीर’. गेलं असेल तर कोस्तो, जायचं असेल तर कोस्ताबा. दरवेळी शंभर टक्के जुळेल असं नाही म्हणत मी, ‘जात होतं’ हेही कोस्ताबाकडेच जातं, पण इंग्रजीतून अंदाज बांधण्यापेक्षा हे कितीतरी भरवशाचं आहे. आणि सापडलंच नसेल तर ‘कोस्तो’ नको, सरळ ‘नो पूदे’, जमलं नाही.

मराठीतून गेलं की सगळंच फुकट मिळतं असंही नाही हं, दोन ठिकाणी आपल्या स्वतःच्या अडचणी आहेत आणि त्या इंग्रजीवाल्यांपेक्षा वेगळ्या आहेत. पहिली म्हणजे आपण ‘आईला जड जातं’ म्हणालो की झालं, पण स्पॅनिशमध्ये आईचं नाव घेतलं तरी ‘ले’ सोडता येत नाही, ‘आ मि मामा ले क्वेस्ता’, म्हणजे आईला, तिला, जड जातं, असं दोनदा. आपली माणसं तो ‘ले’ खाऊन टाकतात. स्वतःबद्दल जोर द्यायचा असेल तेव्हा ‘आ मी मे क्वेस्ता’, मला मात्र जड जातं, इथंही दोनदाच. दुसरी अडचण आपल्या ‘खूप’ची. खूप अवघड आणि खूप जड जातं, दोन्हीकडे आपला ‘खूप’ एकच, पण स्पॅनिशमध्ये विशेषणाला ‘मुय’ लागतं आणि क्रियापदाला ‘मूचो’, म्हणून ‘मुय दिफीसिल’ पण ‘मे क्वेस्ता मूचो’. हे मात्र घोकायलाच लागतं, त्याला इलाज नाही.

इंग्रजीतून उचललेल्या काही चुका अगदी ठरलेल्या आहेत. एक म्हणजे ‘सोय दिफीसिल’. सांगायचं असतं की मला हे अवघड जातंय आणि तोंडातून निघतं ‘मी अवघड आहे’, म्हणजे मी तऱ्हेवाईक माणूस आहे, माझ्याशी जुळवून घेणं सोपं नाही. दुसरी म्हणजे झगडणं. इंग्रजीत हल्ली कशाशीही ‘स्ट्रगल’ करतात, त्याचं थेट ‘लूचो’ करून टाकलं की ते भलतंच वीरश्रीचं वाटतं, कारण ‘लूचा’ म्हणजे लढा किंवा कुस्ती, मेक्सिकोत मुखवटे घालून खेळतात ती कुस्ती ‘लूचा लीब्रे’च. आजारपणाशी, गरिबीशी लढायला हा शब्द एकदम योग्य, पण शाळेतल्या गणिताला ‘मे क्वेस्तान लास मातेमातिकास’ पुरे. तिसरी चूक क्रियापदाच्या रूपाची, ‘डिफिकल्टी स्पीकिंग’मधला तो ‘इंग’ डोक्यात असतो म्हणून ‘मे क्वेस्ता आब्लान्दो’ म्हणतात, जे आपल्या कानाला ‘मला बोलताना जड जातं’सारखं लागेल. पाहिजे ‘आब्लार’, बोलायला.

पुढचा मुद्दा माझ्या फार आवडीचा आहे, कारण व्याकरणाच्या पुस्तकात त्यावर लांबलचक नियम असतो आणि मराठीत तो एका प्रत्ययात मिटतो. ‘दिफीसिल’च्या पुढं कधी ‘दे’ येतो आणि कधी येत नाही. ‘एस्ते लीब्रो एस दिफीसिल दे लेएर’, यात ‘दे’ आहे. ‘एस दिफीसिल लेएर एस्ते लीब्रो’, यात नाही. इंग्रजीत दोन्हीकडे ‘टू रीड’च, म्हणून इंग्रजीवाल्याला कळायला मार्ग नाही आणि तो दुसऱ्या वाक्यातही ‘दे’ घुसवतो. मराठीत म्हणा, हे पुस्तक वाचायला अवघड आहे, आणि हे पुस्तक वाचणं अवघड आहे. ‘वाचायला’ आलं तिथं ‘दे लेएर’, ‘वाचणं’ आलं तिथं नुसतं ‘लेएर’. पहिल्यात पुस्तक अवघड आहे, दुसऱ्यात वाचण्याची क्रिया अवघड आहे. फक्त हा ताळा ‘दिफीसिल’पुरताच लावायचा, ‘क्वेस्ता’बरोबर आपलं ‘वाचायला’ आलं तरी तिथं ‘दे’ येत नाही.

यातूनच आणखी एक जोडी निघते जी नीट कळली पाहिजे. ‘पेद्रो एस दिफीसिल दे एन्तेन्देर’ म्हणजे पेद्रो समजायला अवघड आहे, त्याचं बोलणं लोकांना कळत नाही. ‘आ पेद्रो ले क्वेस्ता एन्तेन्देर’ म्हणजे पेद्रोला समजायला जड जातं, लोकांचं बोलणं त्याला कळत नाही. पहिल्यात त्रास बाकीच्यांना, दुसऱ्यात त्रास पेद्रोला. शाळेत पालकांना मुलाबद्दल सांगताना हे उलटंपालटं झालं तर केवढा घोळ.

मग आहे ‘एस दिफीसिल के’. ‘एस दिफीसिल के येगे ओय’. इंग्रजीतून आलेला माणूस याचा अर्थ लावतो की त्याला आज पोचायला त्रास होईल. नाही. याचा साधा अर्थ, तो आज पोचणं कठीण आहे, म्हणजे बहुतेक येत नाही. आपण नाही का म्हणत, ‘आज पाऊस पडणं कठीण दिसतंय’? त्यात पावसाला काही कष्ट होत नसतात, शक्यता कमी आहे एवढंच सांगायचं असतं. आपल्या ‘कठीण’चा जसा दुहेरी अर्थ तसाच ‘दिफीसिल’चा. या ‘के’च्या पुढं क्रियापद सबजंक्टिव्हमध्ये, म्हणजे शंका-शक्यता दाखवणाऱ्या रूपात जातं, ‘येगा’ नव्हे, ‘येगे’, कारण गोष्ट घडलेली नाही, घडेल याची खात्रीही नाही.

हात, जीभ, डोकं यांच्याकडून एखादी गोष्ट होत नाही तेव्हा स्पॅनिशमध्ये ‘नो मे साले’ म्हणतात. शब्दशः ‘माझ्यातून निघत नाही’, आपल्या तोंडी ‘मला जमत नाहीये’. इंग्रजीवाल्यांचं नेहमीचं गाऱ्हाणं ‘नो मे साले ला एर्रे’, तो थरथरणारा र काही केल्या जमत नाही, ‘पेरो’ म्हणजे पण आणि ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा यांत फरक होत नाही. आपल्याला त्याचं टेन्शन नाही, कापड टर्रकन फाटलं म्हणता येतं त्याला ‘पेर्रो’ म्हणता येतंच. ‘नो मे साले’ त्या क्षणाचं असतं, पाचव्यांदा प्रयत्न करताना म्हणायचं. एकूणच एखाद्या विषयात गती नसेल तर ‘से मे दान माल लास मातेमातिकास’, गणितात माझी गती नाही, आणि उलट असेल तर ‘से मे दान बिएन’. आणि जमत असूनही करायचं जिवावर आलंय तेव्हा ‘मे दा पेरेसा’, मला कंटाळा आलाय. बघा, पुन्हा सगळीकडे माणसाला ‘मला’च.

ऑफिसच्या मेलमध्ये ‘मे क्वेस्ता’ चालतंच पण जरा अदबीनं लिहायचं तर ‘मे रेसुल्ता दिफीसिल’, बोलण्यात ‘से मे आसे दिफीसिल’. अर्थात मोठा फरक नाही, त्यावर फार वेळ घालवू नका.

‘से मे आसे क्वेस्ता आर्रीबा’ मात्र लक्षात ठेवण्यासारखं आहे, मला हे चढाचं झालंय. यातला ‘क्वेस्ता’ वेगळा शब्द आहे, नाम आहे, अर्थ चढण, आणि तो वेगळ्या लॅटिन शब्दापासून आलाय ज्याचा अर्थ बरगडी, बाजू. कानाला दोन्ही सारखेच. स्पेन आणि मेक्सिकोत दर जानेवारीला पेपरात, टीव्हीवर ‘ला क्वेस्ता दे एनेरो’ ऐकू येतं, म्हणजे जानेवारीची चढण. नाताळपासून 6 जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत जेवणावळी आणि भेटवस्तूंवर खर्च झालेला असतो, मग उरलेला महिना रेटायचा असतो. ‘आ दूरास पेनास येगामोस आ फिन दे मेस’, कसेबसे महिनाअखेरीपर्यंत पोचतो. ‘आ दूरास पेनास’ हे तीन शब्द म्हणजे आपलं कसंबसं, आणि महिनाअखेर गाठणं तर आपल्या घरातलंच बोलणं आहे.

‘अवघड आहे’ म्हणायला देशादेशांत मित्रामित्रांत वेगवेगळं चालतं. स्पेनमध्ये ‘एस्ता चुंगो’, मेक्सिकोत ‘एस्ता कान्योन’, कोलंबियात आणि चिलीत ‘एस्ता पेलूदो’, म्हणजे शब्दशः केसाळ आहे, अवघड गोष्ट केसाळ का ते विचारू नका, वापरा. हे सगळं घरोब्याच्या माणसांत, इंटरव्ह्यूला नाही. यापेक्षा कडक शब्दही खूप आहेत, ते ऐकून कळले तरी पुरे, नवख्यानं बोलायची घाई करू नये.

आणि नकाराचं सांगायचं राहिलं, ते तर सगळ्यात आधी कामाला येतं. मेक्सिकोत किंवा अर्जेंटिनात तुम्ही कुणाला पाच वाजता भेटायला बोलावलं आणि तो म्हणाला ‘उय, से मे कॉम्प्लीका’, तर इंग्रजीवाला लगेच मदतीला धावतो, काय अडचण आहे, मी घ्यायला येऊ का, उशिरा भेटू का. तुम्ही मराठीतून ऐका. ‘पाच वाजता मला जरा अवघडच होईल’ असं कुणी म्हणालं तर आपण काय समजतो? तो येत नाहीये. स्पेनमध्ये हेच ‘लो बेओ कॉम्प्लिकादो’ किंवा ‘लो बेओ दिफीसिल’, मला कठीण दिसतंय, तेही बहुतेक नाहीच. कारण खोदून विचारायचं नाही, दुसरा दिवस सुचवायचा, ‘ते बिएने बिएन एल ह्वेबेस?’, तुला गुरुवारी जमेल का?